मूल यादीत आहे, पण नंबर कसा लागतो?

मुलाच्या दोन्ही किडन्या निकामी होत आल्या आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले की पहिले काही दिवस घरात कुणालाच काही सुचत नाही. मग प्रश्नांची रांग लागते. मरोदा सेक्टर, रिसाली, नेवई या भागातल्या मराठी घरांत ती जरा जास्तच लांब असते. नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रेशनकार्ड-आधार छत्तीसगडचे आणि सगेसोयरे नागपूर, भंडारा, गोंदियाकडे. मग नाव रायपूरला लिहायचे की नागपूरला? छत्तीसगडचा पत्ता असताना महाराष्ट्रात घेतील का? मावशी किडनी द्यायला तयार आहे, चालेल का? आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: लहान मूल आहे, म्हणजे त्याचा नंबर आधी लागेलच ना?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी नीट समजून घ्या, कारण बाकीचे निर्णय त्यावरच ठरतात. मुलांना प्राधान्य आहे. पण ते बहुतेक आईवडिलांना वाटते त्याहून खूपच कमी आहे. केवळ या प्राधान्याच्या भरवशावर वर्ष-दोन वर्षे थांबलेल्या कुटुंबांच्या हातून सर्वांत महत्त्वाचा काळ निघून जातो.

अंकांचा हिशेब

मेंदूमृत दात्याची किडनी कुणाला द्यायची, हे अंकांवर ठरते. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटना, म्हणजे दिल्लीची 'नोटो', हिने त्यासाठी निकष घालून दिले आहेत. त्यांतले तुमच्या कामाचे असे:

- नियमित डायलिसिसच्या प्रत्येक महिन्याला १ अंक.
- वय ६ वर्षांखाली असेल तर ३ अंक, ६ ते १२ च्या आत असेल तर २, आणि १२ ते १८ च्या आत असेल तर १.
- डायलिसिससाठी हातावर फिस्टुला (शीर आणि धमनी यांचा जोड) करण्याच्या सगळ्या जागा निकामी झाल्या असतील तर २ अंक; त्यानंतर घातलेला ग्राफ्ट (कृत्रिम नळी) हाही बंद पडला असेल तर ४.
- रक्तात परक्या ऊतींविरुद्धची प्रतिपिंडे २० टक्क्यांहून जास्त असतील तर पुढच्या प्रत्येक १० टक्क्यांना अर्धा अंक.
- पूर्वी केलेले प्रत्यारोपण शरीराने नाकारल्यामुळे पहिल्या तीन महिन्यांतच वाया गेले असेल तर ३ अंक.

आता बेरीज करून पाहा. समजा, तुमची मुलगी सात वर्षांची आहे आणि आठ महिन्यांपासून डायलिसिसवर आहे. तिचे आठ अधिक दोन, असे दहा अंक झाले. तिच्याच रक्तगटाचा एक पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ चार वर्षांपासून डायलिसिस घेत असेल, तर त्याचे अठ्ठेचाळीस अंक होतात. सहा वर्षांखालच्या बाळालाही वयाचे म्हणून जे ३ अंक मिळतात, त्यांची किंमत तीन महिन्यांच्या डायलिसिसएवढीच आहे.

त्या गृहस्थांवर अन्याय व्हावा असे कुणीच म्हणणार नाही. चार वर्षे यंत्रावर काढणे ही साधी गोष्ट नव्हे. पण मुलाच्या शरीराचा हिशेब निराळा असतो. वाढीची वर्षे परत येत नाहीत. डायलिसिसवरच्या मुलाची उंची खुंटते, हाडे ठिसूळ होतात, शाळा सुटते. महिन्यांच्या मोजपट्टीत हे नुकसान दिसतच नाही. अमेरिकेने २००५ मध्ये यावर एक उपाय केला होता. ३५ वर्षांखालील मृत दात्याची किडनी आधी १८ वर्षांखालच्या रुग्णांना देण्याचा नियम तिथे आला आणि मुलांची वाट पाहण्याची मुदत घटली. त्याबरोबर आईवडिलांनी स्वतःची किडनी देण्याचे प्रमाणही कमी झाले, हा त्याचा दुसरा परिणाम. वाटपाचा नियम घरातल्या निर्णयापर्यंत कसा पोहोचतो, हे त्यातून कळते.

आपल्याकडे मुलांना खरा आधार एका वेगळ्या तत्त्वाचा आहे. दाता स्वतः १८ वर्षांखालील असेल तर त्याचा अवयव आधी लहान रुग्णांना द्यावा, असे ते तत्त्व. अडचण एवढीच की असे दाते फारच थोडे असतात. मेंदूमृत मुलाच्या आईवडिलांपैकी एकाने संमती द्यावी लागते, आणि त्या क्षणी ती देणे किती कठीण असेल हे सांगायला नको.

आणखी एक अट अनेकांना उशिरा कळते. नोटोच्या निकषांनुसार मेंदूमृत दात्याच्या यादीत येण्यासाठी रुग्ण किमान तीन महिने नियमित डायलिसिसवर असावा लागतो. म्हणजे डायलिसिस लागण्याआधीच प्रत्यारोपण, जे मुलांसाठी सर्वांत चांगले मानले जाते, ते व्यवहारात घरातल्या दात्याकडूनच होऊ शकते. तुमच्या राज्यात मुलांसाठी यात काही सवलत आहे का, हे हॉस्पिटलमध्ये स्पष्ट विचारा. मात्र अंक वाढावेत म्हणून डायलिसिस लवकर सुरू करून घ्यायचा विचार मनातही आणू नका.

म्हणून पहिले पाऊल घरात

२०२३ मध्ये देशात १३,४२६ किडनी प्रत्यारोपणे झाली. त्यांतल्या दर आठांपैकी जवळपास सातांत किडनी जिवंत दात्याची होती. साऱ्या देशात मेंदूमृत दाते वर्षभरात १,०९९. छत्तीसगडमध्ये तर असे अवयवदान सुरू होऊनच फार वर्षे झालेली नाहीत. या आकड्यांपुढे मुलाचे नाव यादीत घालून स्वस्थ बसणे परवडणारे नाही. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू ठेवा: घरातल्या दात्यांच्या तपासण्या आजपासून, आणि यादीत नाव पात्र होताच.

१९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा, त्यातली २०११ ची दुरुस्ती आणि २०१४ चे नियम यांनी घरातला दाता कोण, हे ठरवून दिले आहे. आई, वडील, सख्खा भाऊ, सख्खी बहीण, आजी, आजोबा हे मुलाचे जवळचे नातेवाईक ठरतात. आजी-आजोबांचा समावेश २०११ च्या दुरुस्तीने झाला. साठीच्या पुढची धडधाकट आजी अनेकदा चांगली दाता ठरते आणि कमावत्या आईवडिलांपैकी एकाची शस्त्रक्रिया टळते, म्हणून तिला विचारात घ्यायला विसरू नका.

मामा, मावशी, काका, आत्या या यादीत नाहीत. त्यांना किडनी देता येत नाही असे मात्र नाही. प्रेमापोटी, कोणताही पैशाचा व्यवहार न करता देण्याची तरतूद कायद्यात आहे. फक्त त्यासाठी प्राधिकरण समितीची परवानगी लागते आणि दाता दुसऱ्या राज्यातला असेल तर त्याच्या राज्यातली पडताळणीही लागते. नागपूरची मावशी मरोद्यातल्या भाच्याला किडनी देणार असेल तर दोन्ही राज्यांतल्या कागदपत्रांसाठी वेळ हाताशी ठेवा. समितीसमोर एकच विचारले जाते: हे दान खरे आहे का? लहानपणापासूनचे एकत्र फोटो, पत्रिका, घरगुती कार्यक्रमांच्या तारखा यांचा तिथे उपयोग होतो. मुलाखतीचे चित्रीकरण होते, म्हणून कुणी शिकवलेले पाठ करून जाऊ नका, जे खरे आहे तेच सांगा. परवानगी नाकारली गेली तर ३० दिवसांत अपील करता येते. नकार लेखी आणि कारणासह मागून घ्या.

अठरा वर्षांखालील भावंडाकडून किडनी घेण्याचा विचार कुणी सुचवला तर तो तिथेच थांबवा. जिवंत अल्पवयीन दाता कायद्याला जवळजवळ मान्यच नाही. अगदी अपवादात्मक वैद्यकीय कारणासाठी, तेही राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीनेच, तो विचारात घेतला जातो.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. मुलांना किडनी देणाऱ्यांत आया फार मोठ्या संख्येने असतात, आणि प्रत्यारोपण होणाऱ्या मुलांत मुलगे मुलींपेक्षा बरेच जास्त असतात. मूत्रमार्गातल्या पडद्यासारखे काही जन्मजात दोष मुलग्यांनाच होतात, हे त्याचे एक कारण आहे. पण ते एकमेव कारण नाही. मुलीसाठी दाता शोधताना घरात जी कुजबुज होते, 'पुढे लग्नाचे काय', 'एवढा खर्च कशाला', ती डॉक्टरांच्या खोलीतही ऐकू येते. ऑगस्ट २०२५ मध्ये नोटोने यादीतल्या स्त्री-रुग्णांना प्राधान्य देण्याची सूचना काढली. पण दिल्लीहून सूचना निघाली तरी घरातली ही कुजबुज थांबवायची कुणी, तर घरातल्यांनीच.

आईचा रक्तगट जुळत नसेल तर

इथेच बरीच कुटुंबे खचतात आणि 'आता यादीशिवाय मार्ग नाही' असे ठरवून टाकतात. तसे नाही. मार्च २०२५ मध्ये रायपूरच्या एम्समध्ये बिलासपूरच्या दोन रुग्णांच्या दात्यांची अदलाबदल झाली. दोघांच्याही पत्नी किडनी द्यायला तयार होत्या, पण एका जोडीत रक्तगट बी आणि ओ, दुसऱ्या जोडीत ओ आणि बी असे उलटसुलट पडत होते. एकीची किडनी दुसरीच्या नवऱ्याला बसवली आणि दोन्ही शस्त्रक्रिया पार पडल्या. नव्या एम्स संस्थांमधले हे पहिले अदलाबदल प्रत्यारोपण. ते रुग्ण प्रौढ होते. पण कायद्यातली ही तरतूद मुलांसाठीही तीच आहे. दोन्ही जोड्यांत दाता हा त्या-त्या रुग्णाचा जवळचा नातेवाईक असला म्हणजे झाले.

म्हणून आईचा आणि बाबांचा, दोघांचाही रक्तगट जुळला नाही तर हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला एवढेच विचारा: तुमच्याकडे अदलाबदलीची नोंदवही आहे का, आणि आमच्या जोडीचे नाव तिच्यात घालाल का? रक्तगट न जुळताही विशेष उपचार करून प्रत्यारोपण करणारी केंद्रे देशात आहेत, पण तो मार्ग खर्चाचा आणि जोखमीचा असतो. अदलाबदलीची शक्यता आधी तपासून घ्या.

नाव कुठे लिहायचे: रायपूर, नागपूर की मुंबई

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'एक देश, एक धोरण' म्हणून तीन गोष्टी ठरवल्या. यादीत नाव घालण्यासाठी त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट काढली, वयाची ६५ ची मर्यादा काढली आणि राज्यांनी नोंदणी शुल्क घेऊ नये असे सांगितले. म्हणजे मरोद्याच्या मुलाचे नाव नागपुरात घालता येते. कुणी 'तुम्ही छत्तीसगडचे' म्हणून परत पाठवले तर या धोरणाचा दाखला द्या. नोंदणी हॉस्पिटलमार्फतच होते, थेट होत नाही. नोंदणीनंतर रुग्णाला नोटोचा एक क्रमांक मिळतो आणि हॉस्पिटल बदलले तरी तोच पुढे चालतो. तो लिहून ठेवा.

पण नाव घालता येणे वेगळे आणि नंबर लागणे वेगळे. किडनी सहसा आधी त्याच शहरात किंवा राज्यात वाटली जाते, मग प्रदेशात, मग देशात. छत्तीसगड हे मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या प्रादेशिक केंद्राच्या पश्चिम विभागात येते. महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि मध्य प्रदेशही त्याच विभागात आहेत. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा चार विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या आहेत आणि अंकांचा तक्ता राज्याराज्यांत थोडा बदलू शकतो. नागपूरचा तक्ता रायपूरसारखाच असेल असे गृहीत धरू नका.

निवड करताना या तीन गोष्टी तोलून पाहा.

पहिली, मुलांचे प्रत्यारोपण तिथे खरोखर होते का. प्रौढांचे प्रत्यारोपण करणारे प्रत्येक केंद्र बारा किलोच्या मुलाला हात लावीलच असे नाही. दहाएक किलो वजन झाल्यावर बहुतेक केंद्रे मुलाचा विचार करतात. इतक्या लहान मुलाच्या पोटात मोठ्या माणसाची किडनी बसवणे हे वेगळे कौशल्य आहे. रायपूरच्या एम्समध्ये मेंदूमृत दात्याकडून मुलांचे प्रत्यारोपण सुरू झाले आहे, आणि ते मरोद्यापासून तासाभराच्या अंतरावर, टाटीबंधला आहे. मुंबईत परळचे वाडिया हॉस्पिटल आणि अहमदाबादची किडनी संस्था ही मुलांच्या किडनीविकारासाठी जुनी, जाणती नावे.

दुसरी, अंतर. मृत दात्याची किडनी काढल्यावर ती लवकर बसवावी लागते, आणि जेवढा उशीर तेवढी ती उशिरा काम सुरू करते. दुर्गहून नागपूर रेल्वेने सुमारे २६५ किलोमीटर, म्हणजे रात्री फोन आला तर पहाटे पोहोचता येते. मुंबईसाठी मात्र रायपूरच्या विमानाची वेळ पाहावी लागेल. पुढची वर्षानुवर्षे तपासणीला जायचे आहे, तेही याच अंतरावर.

तिसरी, तिथली यादी किती लांब आहे आणि त्या राज्यात वर्षाला किती मृत दाते मिळतात. मोठ्या शहरात दाते जास्त असतात, तशी यादीही लांब असते. तुमच्या मुलाच्या रक्तगटाची यादी किती आहे, हे वेगळे विचारा. दात्याच्याच रक्तगटाच्या रुग्णांना किडनी आधी दिली जात असली, तरी ओ गटाच्या मुलांना सहसा लांब थांबावे लागते.

बहुतेक मरोदावासी कुटुंबांना रायपूरपासून सुरुवात करणे सोयीचे आहे. मुलाचा आजार गुंतागुंतीचा असेल, उदाहरणार्थ मूत्राशयाचीही शस्त्रक्रिया लागणार असेल किंवा पहिले प्रत्यारोपण फसलेले असेल, तर मुंबई-अहमदाबादचा सल्ला एकदा तरी घ्या.

कोऑर्डिनेटरला विचारायचे प्रश्न

प्रत्यारोपण करणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत हॉस्पिटलात ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर नेमलेला असणे कायद्याने सक्तीचे आहे. डॉक्टरांच्या घाईत जे विचारता येत नाही, ते या व्यक्तीला विचारणे हा तुमचा हक्कच आहे. हे प्रश्न वहीत लिहून न्या:

- आमच्या मुलाचे आज किती अंक आहेत आणि कशाकशाचे? तक्ता दाखवाल का?
- डायलिसिस कोणत्या तारखेपासून धरला आहे?
- नाव सध्या चालू आहे की तात्पुरते थांबवले आहे?
- दाता लहान मूल असेल तर त्याची किडनी इथे आधी मुलांना दिली जाते का?
- मूल १२ चे किंवा १८ चे झाले की अंकांत काय बदल होईल?

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांत सर्वाधिक गोंधळ होतो. डायलिसिस सेक्टर ९ च्या रुग्णालयात किंवा दुर्गच्या जिल्हा रुग्णालयात सुरू झाला आणि नाव रायपुरात घातले, की सुरुवातीची तारीख कागदावर नसल्यामुळे नोंदणीची तारीखच धरली जाण्याचा धोका असतो. पहिल्या डायलिसिसची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, सगळे जपा. पोटातून घरी करायचा डायलिसिस असेल तर नळी घातल्याचा आणि डायलिसिस सुरू केल्याचा कागद ठेवा. त्याचप्रमाणे मुलाला ताप किंवा संसर्ग झाला की नाव तात्पुरते थांबवले जाते, ते योग्यच आहे. पण मूल बरे झाल्यावर ते पुन्हा चालू झाले की नाही, हे तुम्हालाच फोन करून पाहावे लागते.

वाट पाहताना

या काळात केलेल्या काही गोष्टींवर प्रत्यारोपण होणार की नाही आणि टिकणार की नाही, हे ठरते.

रक्त चढवणे शक्य तितके टाळा. प्रत्येक पिशवीबरोबर शरीरात परक्या ऊतींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात आणि मग जुळणारा दाता मिळणे अवघड होते. त्याचे थोडेफार अंक मिळतात खरे, पण जेवढे गमावले जाते त्यापुढे ते काहीच नाहीत. रक्त कमी झाले तर लोह आणि एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने यांनी भागते का, हे आधी विचारा.

हाताच्या शिरा फिस्टुलासाठी वाचवा. ज्या हाताने मूल लिहीत नाही त्या हातावर सुई, सलाइन, रक्ततपासणी करू देऊ नका. वॉर्डातल्या सिस्टरला हे सांगायला संकोचू नका.

लसी प्रत्यारोपणाआधी पूर्ण करा. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी जिवंत जंतूंच्या असतात आणि प्रत्यारोपणानंतर त्या सहसा देता येत नाहीत. हिपॅटायटिस बीची लस आणि तिचा परिणाम झाला की नाही ही तपासणी, दोन्ही करून घ्या. दात, मूत्राशय, हृदय यांच्या तपासण्याही आत्ताच उरकून घ्या.

लहान मुलांना पोटातून करायचा डायलिसिस अनेकदा जास्त सोसतो. तो घरी होतो, त्यामुळे शाळा चालू राहते. त्याला स्वच्छ खोली आणि घरातले एक शिकलेले माणूस मात्र लागते.

शाळेतल्या ज्या मुलांना अजून काहीच निदान झालेले नाही, त्यांच्याबद्दलही दोन शब्द. मुलग्याची लघवीची धार बारीक असणे, मूल पाच-सहा वर्षांनंतरही दिवसा कपडे ओले करणे, सकाळी डोळे सुजणे, पुन्हा पुन्हा ताप येऊन लघवीला जळजळ होणे, वयाच्या मानाने उंची न वाढणे, यांपैकी काही दिसले तर लघवीची साधी तपासणी, क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी करून घ्या. छत्तीसगडमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची 'चिरायु' पथके शाळांत आणि अंगणवाड्यांत येतात. त्यांना हे सांगा. त्यांच्या चिठ्ठीवर पुढच्या तपासण्यांची वाट मोकळी होते.

खर्च कुठून भागवायचा

तुम्ही कोणत्या नोकरीत आहात यावर बरेच अवलंबून आहे.

पोलाद कारखान्याचे कायम कर्मचारी असाल तर सेक्टर ९ च्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयातून बाहेरच्या हॉस्पिटलात पाठवण्याचे पत्र आधी घ्या. पत्राविना केलेला खर्च मागाहून मिळवताना फार त्रास होतो. ठेकेदाराकडे काम करत असाल आणि पगारातून कर्मचारी राज्य विमा कापला जात असेल, तर उच्च उपचारांसाठी किती काळ विमा भरलेला हवा ही अट तुमच्या बाबतीत पूर्ण होते का ते पाहा. मुलाचे नाव आश्रितांत आहे ना, हेही.

यांपैकी काहीच नसेल तर आयुष्मान कार्ड आणि त्यात न बसणाऱ्या मोठ्या खर्चासाठी राज्याची मुख्यमंत्री विशेष स्वास्थ्य सहायता योजना आहे. पंतप्रधान राष्ट्रीय मदतनिधीकडेही किडनी प्रत्यारोपणासाठी अर्ज करता येतो. यांतल्या बहुतेक योजनांना हॉस्पिटलचे खर्चाचे अंदाजपत्रक आधी लागते आणि मंजुरी शस्त्रक्रियेपूर्वी घ्यावी लागते.

- रेल्वेत डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाणाऱ्या किडनी-रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये ७५ टक्के सवलत आहे. हॉस्पिटलचे ठरावीक नमुन्यातले पत्र घ्या.
- अवयव देणाऱ्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते. इतर नोकऱ्यांत काय नियम आहे, हे कार्मिक विभागात विचारा.

शस्त्रक्रियेचा पैसा कसाबसा उभा राहतो. बुडवतो तो नंतरचा खर्च. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे नवी किडनी काम करत आहे तोवर रोज घ्यावी लागतात. योजनेतून औषधे मिळतील का, किती महिने मिळतील आणि त्यानंतर कुठून, याचे उत्तर शस्त्रक्रियेच्या आधी कागदावर घ्या.

'किडनी मिळवून देतो' म्हणणारा माणूस

हॉस्पिटलच्या फाटकाशी, कधी ओळखीतूनच, असा माणूस भेटतो. तो दाता आणतो, कागद करतो, नाते 'बनवतो'. किडनीच्या खरेदी-विक्रीला ५ ते १० वर्षे कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे, आणि विकणाऱ्याइतकाच घेणाराही त्यात सापडतो. मुलाच्या प्रेमापोटी केले म्हणून आईवडील सुटत नाहीत. पैसे देऊन यादीत वर चढता येते, असे कुणी म्हणाले तर तेही खोटे आहे. नोटोच्या १८००-११-४७७० या निःशुल्क क्रमांकावर चौकशी करता येते, तक्रारही करता येते.

फोन येतो त्या रात्री

मेंदूमृत दाता मिळाला की वरच्या क्रमांकाच्या एकाच नव्हे, अनेक रुग्णांना बोलावले जाते. रक्ताची शेवटची जुळणी, म्हणजे क्रॉसमॅच, ज्याची चांगली येते त्याला किडनी मिळते. तुम्हाला बोलावून परत पाठवले तर तो अन्याय नव्हे आणि नंबरही जात नाही. मुलाला मात्र हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर परतीचा प्रवास त्याला फार जड जातो.

तयारी अशी ठेवा:

- दोन फोन नंबर नोंदवा, आणि दोन्ही रात्रीही चालू ठेवा. गावी जाताना कोऑर्डिनेटरला कळवा.
- एका पिशवीत नोटोचा क्रमांक, आधार, शेवटचे रिपोर्ट, औषधांची यादी आणि योजनेच्या मंजुरीचे कागद.
- फोन आल्यापासून मुलाला काही खायला-प्यायला द्यायचे की नाही, हे फोनवरच विचारा.
- शेवटचा डायलिसिस कधी झाला ते सांगा. पोहोचल्यावर पुन्हा एकदा करावा लागू शकतो.
- गाडी कुणाची, सोबत कोण, धाकट्या भावंडांजवळ कोण, हे आजच ठरवा.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे तपासण्या वारंवार असतात. नागपूर किंवा मुंबई निवडली असेल तर हॉस्पिटलजवळ खोलीची सोय आधीच बघून ठेवा. रायपूर असेल तर मरोद्याहून ये-जा करता येते का, हे डॉक्टरांना विचारून मगच ठरवा. गर्दीच्या लोकलमधून मुलाला नेऊ नका. शाळेत कधी पाठवायचे, कोणते खेळ चालतील, ताप आला तर आधी कुणाला फोन करायचा, हे घरी सोडताना लिहून घ्या. आणि मूल तेरा-चौदा वर्षांचे असेल तर औषधाच्या वेळा त्याच्याच फोनवर त्याच्याच हाताने लावून घ्या. या वयात गोळ्या चुकवल्यामुळे चांगली चाललेली किडनी गमावल्याची उदाहरणे बालकिडनीतज्ज्ञांना नेहमी पाहावी लागतात.